काचेवरचा अंगठा

आमच्या घरात नवा फोन आला की तो काही दिवस गिरिजाअक्कापासून लपवून ठेवायची पद्धत आहे. ती समोर असताना फोन सुरू करायचा म्हणजे पोथी लावण्यासारखं असतं. एकदा बसलं की संपेपर्यंत उठता येत नाही. मागच्या खेपेला मी गाफील राहिलो. पडद्यावर बारीक अक्षरांचा मजकूर आला, त्याखाली 'मला मान्य आहे' असं निळं बटण आलं आणि माझा अंगठा सवयीनं तिकडं निघाला.

"थांब," अक्का म्हणाली. "काय मान्य करालास?"

"सगळंच."

"सगळंच म्हंजे काय? सांग की."

"अक्का, सगळे असंच करतात."

"सगळ्यांचं नंतर बघू. तू वाच. मोठ्यानं."

मी वाचायला लागलो. अक्का डोळे मिटून ऐकत बसली. महानंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, आणलेलं उप्पीट गार झालं, मग गरम होऊन आलं, मग पुन्हा गार झालं. मजकूर संपल्यावर मी विजयी मुद्रेनं वर बघितलं, तर अक्काचा पुढचा प्रश्न तयार होता. "आता तुझ्या शब्दांत सांग."

मी जरा विचार केला. "माझ्या फोनमध्ये जे काय आहे ते त्यांचं, आणि काही बिघडलं तर जबाबदारी माझी."

तिनं डोळे उघडले. "बरोबर. आता दाब. दाबायला माझी ना न्हाय. कशावर दाबतोय ते ठावं पायजे."

मी दाबलं. इतकं सगळं कळल्यावरही दाबलं, कारण फोन तर हवा होता. पण त्या दिवसापासून त्या निळ्या बटणाकडे मी पूर्वीच्या निष्पाप नजरेनं बघू शकत नाही, आणि याबद्दल मी अक्काला अजून पुरती माफी दिलेली नाही.

गिरिजाअक्का माझी आतेबहीण. माझ्याहून बरीच मोठी. गाव मैंदर्गी, घरात बोलणं निम्मं कानडी निम्मं मराठी, आणि वकिली सोलापुरात. हल्ली तिच्या कार्डावर 'तंत्रज्ञान धोरण आणि इंटरनेटचा कारभार' असं काहीतरी छापलेलं असतं. इंटरनेटवर माणसांना कसं वागवलं जावं, त्याचे नियम काय असावेत, यावर ती सरकारी समित्यांपुढे बोलते आणि देशोदेशीच्या सभांत जाते. आमच्या नातेवाइकांनी याचा आपापल्या परीनं अर्थ लावला आहे. कुठल्याही लग्नात कार्यालयाचं वायफाय बंद पडलं की कोणीतरी अक्काला शोधत येतो. ती शांतपणे सांगते, "मी नियम बघते, वायर न्हाय." माणूस हिरमुसून जातो. एवढं शिकून वायरही कळत नाही, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर असतो.

तिचं ऑफिस शुक्रवार पेठेत, पिठाच्या गिरणीवरच्या माडीवर. खाली बसवराजची गिरणी दिवसभर घरघरत असते. जिना अरुंद आणि तो गिरणीतूनच जातो. त्यामुळे अक्काचा काळा कोट कोर्टात पोचेपर्यंत खांद्यावर पांढरा झालेला असतो. एका न्यायाधीशांनी एकदा विचारलं होतं म्हणे, "बाई, आज काय दळलंत?" ती म्हणाली, "अजून काही नाही साहेब, आता सुरू करते." हे खरं घडलं की आमच्या आत्यानं रचलं, ते मला माहीत नाही. आत्या अशा बाबतीत बेभरवशाची होती.

गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून वाचायची अक्काला सवय झाली आहे. बसवराजनं अनेकदा सांगितलं, "अक्का, खूण करा, जरा बंद ठेवतो." ती ऐकत नसे. "लोकांचं दळण थांबवून माझं वाचन कशाला? माझा घसा घट्ट हाय."

आणि वाचन तर तिच्या धंद्याचा पायाच. कोर्टकचेरीच्या कागदात एक जुना रिवाज आहे. ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा घ्यायचा असेल, तर आधी त्याला कागद वाचून दाखवायचा आणि खाली तसं लिहायचं: 'वरील मजकूर वाचून दाखवला, समजला, मान्य आहे.' बहुतेक ठिकाणी हे वाक्य आधीच छापलेलं असतं, वाचणारा कोणी नसतो. अक्काकडे मात्र कागद खरोखर वाचला जातो, शेवटच्या टिंबापर्यंत, समोरच्याच्या भाषेत. वर 'आता तू सांग' ही परीक्षा असतेच.

मला ती अधूनमधून साक्षीदार म्हणून बोलावते. माझं युनिफॉर्म शिवायचं वर्कशॉप तिथून जवळच आहे आणि साक्षीदाराला जी एक पात्रता लागते, रिकामा वेळ, ती माझ्याकडे भरपूर आहे असं तिचं मत आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा खुर्चीवर टेकण्याआधी मी सही ठोकून दिली. तिनं तो कागद माझ्या डोळ्यांदेखत फाडला. "कशाचा साक्षीदार हायस तू? पेनाचा?"

त्या दिवशी वळसंगची एक म्हातारी आली होती, सोबत दोन मुलगे. घराच्या वाटणीचा कागद होता. मुलगे घाईत होते, मोटरसायकल खाली उभी होती. अक्कानं सगळा कागद कानडीत वाचला आणि विचारलं, "तिळीतेन?" कळलं का? म्हातारीनं मान हलवली. अक्का म्हणाली, "मग सांग बघू."

म्हातारीनं पदर सावरला. "म्हंजे पुढची खोली ह्याची, मागली त्याची. आनि मी भाईर सोप्यात."

मुलगे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांनीही तो कागद पहिल्यांदाच ऐकला होता. म्हातारी अक्काला म्हणाली, "न्हाणीजवळची खोली माझी, असं लिवा." कागद पुन्हा लिहिला गेला. पुन्हा वाचला गेला. मग अंगठा. अंगठा उमटल्यावर अक्कानं आपल्या रुमालानं म्हातारीच्या बोटाची शाई पुसली. हे ती प्रत्येकाचं करते. दुसऱ्या कोणाला करू देत नाही. "अंगठा म्हंजे अख्खा माणूस हाय," ती म्हणते. "काम झालं की तसाच काळा सोडून द्यायचा न्हाय."

लग्न तिनं केलं नाही. त्याचीही गोष्ट घरात सांगतात. बोलणी झाली, देण्याघेण्याची याद लिहिली, सगळ्यांनी पानसुपारी घेतली. मग अक्कानं ती याद हातात घेतली, मुलाला वाचून दाखवली आणि म्हणाली, "आता तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा." मुलगा पाणी प्यायला म्हणून उठला, तो परत आलाच नाही. अक्काला विचारलं तर ती म्हणते, "त्याला समजलं की. समजलं म्हणून तर गेला."

हे सगळं असंच चाललं असतं आणि अक्का पेठेतली एक जरा तऱ्हेवाईक वकीलबाई म्हणूनच राहिली असती. पण मधे नरसम्माचं झालं.

नरसम्मा माझ्या वर्कशॉपमध्ये काज-बटणाचं काम करते. विणकर घरातली, घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखं मराठी. अक्षरओळख कुठल्याच भाषेतली नाही. दुपारच्या चहाला दुसरा कप पुढे केला की "वद्दु" म्हणते. वद्दु म्हणजे नको. तिच्या तोंडचा हा एक तेलुगू शब्द आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना येतो, कारण ती तो फार ठाम म्हणते.

तिच्या वस्तीत एका क्रीमवाल्या कंपनीनं त्वचेची मोफत तपासणी ठेवली होती. रांगेत प्रत्येकीच्या पुढे एक मोठा फोन धरायचे, कंपनीची पोरगी म्हणायची, "मावशी, इथं अंगठा लावा," की फोटो. नरसम्मानं लावला. पुढे काही महिन्यांनी आमच्या रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानाबाहेर भलंमोठं पोस्टर लागलं. डावीकडे नरसम्माचा चेहरा, वर शब्द 'आधी'. उजवीकडे कोणीतरी गोरीपान मुलगी, वर शब्द 'नंतर'.

पेठेतल्या पोरांना काय, निमित्तच हवं असतं. "ओ आधीबाई" अशी हाक सुरू झाली. नरसम्मा पलीकडच्या बोळातून, मोठा वळसा घालून कामाला यायला लागली. काम करताना बोलेना. चहाचा पहिला कपही 'वद्दु' व्हायला लागला, तेव्हा मी तिला अक्काकडे घेऊन गेलो.

अक्कानं नोटीस पाठवली. पोस्टर लवकर उतरलं. मला वाटलं, झालं काम. पण कंपनीचं उत्तर आलं होतं, ते अक्कानं रिवाजाप्रमाणे नरसम्माला वाचून दाखवलं. सदर महिलेनं छायाचित्राच्या वापराला स्वतः संमती दिली आहे, त्याची नोंद आमच्याकडे आहे, पोस्टर केवळ सौजन्य म्हणून काढत आहोत. अक्का थांबली आणि म्हणाली, "समजलं? सांग."

नरसम्मा हळू म्हणाली, "फोटू दुकानावरनं काडला. पन त्यांच्याकडं लिवलंय की मी हो म्हनले."

"व्हय."

"मी न्हाय म्हनले ओ अक्का. मला कुनी इचारलंच न्हाय. फोटूचं जाऊ दे. ते 'हो' काडा तेवढं. ते माजं न्हाय."

अक्का म्हणाली, "काढू."

इतकं साधं होतं ते. एका बाईच्या नावावर तिनं न म्हटलेलं एक 'हो' कुठंतरी लिहून ठेवलं होतं आणि ते तिला परत घ्यायचं होतं. अक्काच्या पुढच्या सगळ्या वर्षांचं काम, ते कार्ड, त्या समित्या, ते विमानप्रवास, या एवढ्याशा मागणीतून निघाले आहेत. लोकांना वाटतं तिला कम्प्युटरचं वेड आहे. तिला अजून फोनवरचं कॅल्क्युलेटर सापडत नाही.

अक्कानं कंपनीविरुद्ध तक्रार केली, तिची सुनावणी झाली. कंपनीचे वकील पुण्याहून आले होते, अगदी सभ्य माणूस. ते म्हणाले, "बाईंनी स्वतःच्या बोटानं दाबलं आहे. वेळेसकट नोंद आहे."

"वाचून कोणी दाखवलं?" अक्कानं विचारलं.

"पडद्यावर सगळं लिहिलेलं होतं."

"इंग्रजीत."

"हो."

"हिला मराठीही वाचता येत नाही."

"मग त्यांनी विचारायला हवं होतं."

समोरचे अधिकारी वयस्कर होते. ते म्हणाले, "वकीलबाई, कागदावरच्या अंगठ्याचा रिवाज मला चांगला ठाऊक आहे. काचेवरच्या अंगठ्याला तो लागतो, असं कुठं लिहिलंय ते मला दाखवा. मी लगेच तुमच्या बाजूनं देतो."

अक्कानं समोरची फाइल मिटली. निकाल आमच्या विरोधात गेला.

परत येताना ती माझ्या स्कूटरवर मागे बसली होती. मी तिला धीर द्यायला काहीबाही बोलत होतो, वर अपील करू वगैरे. सात रस्त्याच्या सिग्नलला ती माझ्या कानाशी म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं. कुठंच लिवलेलं न्हाय."

"मग?"

"मग काय? लिवायला लावायचं."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी गाडी काढली, पण ती काय म्हणाली याचा आवाका माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला.

सरकार नवे नियम करतं तेव्हा आधी मसुदा काढतं आणि लोकांकडून हरकती व सूचना मागवतं, हे मला अक्कामुळे कळलं. लोक म्हणजे खरोखर लोक, असं अक्कानं धरलं. फोनशी, इंटरनेटशी, माणसांच्या माहितीशी संबंध असलेला कुठलाही मसुदा निघाला की ती तो छापून घ्यायची आणि आमच्या घरी यायची. मग रात्रीच्या जेवणाआधी, भाकरी तव्यावर असताना, तो सगळा मसुदा इंग्रजीतून मराठी करत मोठ्यानं वाचायची. ऐकायला मी. यात माझी निवड कशी झाली, हे तिनं महानंदाला सांगितलं होतं: "सिद्धूला समजलं म्हंजे कुणालाबी समजंल." महानंदानं ते माझ्यापर्यंत तत्परतेनं पोचवलं.

ऐकताना मला जांभया यायच्या. मी त्या दाबायचो, तर अक्का रागवायची. "दाबू नको. दे." मला जांभई आली की ती त्या ओळीच्या समासात पेन्सिलीनं खूण करायची. तिचा सिद्धांत असा की जिथं सिद्धूला जांभई येते तिथं लिहिणाऱ्यानं काहीतरी गुंडाळून ठेवलेलं असतं. मग ती त्या खुणांवर उलटी जायची, आणि खरं सांगतो, बहुतेक वेळा तिथं काहीतरी निघायचं. माझ्या आयुष्यात माझ्या आळसाला इतकी प्रतिष्ठा दुसऱ्या कोणी दिलेली नाही.

दर वेळी हरकतींच्या शेवटी एकच सूचना असायची. वाक्य ठरलेलं: ज्याला वाचता येत नाही त्याला मजकूर त्याच्या भाषेत ऐकवावा, आणि ऐकवल्याशिवाय त्याचं 'हो' धरू नये. मसुदा कशाचाही असो, हे वाक्य असायचंच. उत्तर कधी यायचं नाही. मी एकदा म्हणालो, "अक्का, तिकडं कोणी वाचत नसेल."

"न वाचता मान्य करतील तर करू देत की," ती म्हणाली. "आपलीच ओळ हाय."

पण कोणीतरी वाचत होतं. सरकारी सेवांच्या ॲपसाठी सूचना तयार करणाऱ्या एका समितीतून फोन आला. तेच तेच वाक्य इतक्या ठिकाणी दिसलं, म्हणून त्यांना हे कोण आहे ते बघायचं होतं. बैठक पडद्यावर होती. अक्का माडीवरून जोडली गेली. तिनं बोलायला सुरुवात केली, तशी तिकडची माणसं कपाळाला आठ्या घालायला लागली. एक बाई म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याकडून फार आवाज येतोय. कसला आहे?"

"ज्वारी दळतायत," अक्का म्हणाली.

"बंद करता येईल का?"

"लोक डबे घेऊन उभे आहेत. मी मोठ्यानं बोलते."

आणि ती बोलली. मी कोपऱ्यात स्टुलावर बसलो होतो. तिनं म्हातारीच्या सोप्याची गोष्ट सांगितली, अंगठ्याचा रिवाज सांगितला आणि विचारलं, "कागदावर या अंगठ्याला एवढा मान आहे, मग काचेवर गेल्यावर त्याचा मान कुठं जातो?" एकानं विचारलं, "पण मॅडम, मजकूर मोठे असतात, ऐकणार कोण?" अक्का म्हणाली, "मोठे आहेत हा ऐकणाऱ्याचा दोष नाही. ऐकवायचं ठरलं की आपोआप लहान होतील. लिहिणाऱ्यालाही जेवायला घरी जायचं असतं." त्यांना हसू आलं. मग तिनं माझ्या जांभयांचं सांगितलं. समितीपुढे माझी अशी ओळख झाली.

त्यानंतर बोलावणी यायला लागली, आणि एक थेट परदेशातल्या मोठ्या सभेचं आलं, जिथं जगभरातली माणसं इंटरनेटच्या कारभारावर बोलतात. अक्का कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून गेली. तिला बोलायला दोन मिनिटं मिळणार होती. सभा फोनवर थेट दिसणार होती. मी वर्कशॉपमधली सगळी मशिनं बंद केली, फोन कापडाच्या गठ्ठ्यावर उभा केला आणि बायका भोवती बसल्या. नरसम्मा सगळ्यात पुढे.

अक्का उभी राहिली. इंग्रजीत बोलत होती, पण तेच सोलापुरी इंग्रजी, प्रत्येक शब्द जागेवर ठेवत. तिनं विचारलं, "आत येताना दारात आपण सगळ्यांनी एका काचेवर बोट ठेवलं. तिथं काय लिहिलं होतं, कोणी सांगेल?" कोणी बोलेना. तिथं प्रत्येकाच्या कानात भाषांतराचं यंत्र असतं. अक्कानं एकदम कानडी सुरू केलं. दारावरचा तो सगळा मजकूर तिनं कानडीत म्हणायला घेतला, आणि नेमकं तेव्हाच आमचं इंटरनेट अडकलं. पडद्यावर अक्का तोंड उघडं ठेवून थिजली, मधे गोल चक्र फिरत राहिलं.

"अक्काला काय झालं ओ मालक?" नरसम्मा घाबरून म्हणाली.

"काही नाही, नेट गेलं."

"परत येतंय न्हवं?"

परत आलं तेव्हा अक्का खाली बसत होती. पुढचं तिनं आल्यावर सांगितलं. कानडी तिथं कोणालाच येत नसल्यामुळे सगळ्यांच्या कानातलं यंत्र गप्प झालं होतं. मग ती इंग्रजीत म्हणाली, "आत्ता तुमच्या कानात जी शांतता आहे ना, आमची नरसम्मा रोज त्या शांततेत बटण दाबते. आणि तुम्ही लिहून ठेवता, ती हो म्हणाली." तेवढ्यात वेळ संपल्याचा दिवा लागला.

"मग टाळ्या?" मी विचारलं.

"झाल्या थोड्या. जेवताना आफ्रिकेतला एक वकील जवळ बसला. माझी भाकरी मोडून घेतली त्यानं. म्हणाला, आमच्याकडंबी असंच हाय." मग ती म्हणाली, "चटणी लई तिखट लागली त्याला. पण पुन्हा मागितली."

समितीच्या अखेरच्या सूचना यायला वेळ लागला. मधे समिती बदलली, माणसं बदलली, अक्काचे गुडघे बिघडले. ती जिना हाताचा आधार घेऊन चढायला लागली, पण हरकती पाठवायच्या थांबली नाही. मग एका संध्याकाळी ती घरी आली. हातात छापलेले कागद. महानंदा भाकरी थापत होती. अक्का वाचायला लागली. मी मनापासून ऐकत होतो. आणि ती ओळ आली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मजकूर त्यांच्या भाषेत ऐकवावा, ऐकवल्याशिवाय संमती धरू नये. आमची ओळ. महानंदाचे हात पिठात थांबले.

अक्का थांबली नव्हती. तिनं पुढचे शब्द वाचले: "शक्य असेल तेथे."

आणि मला जांभई आली.

मला अजून कळत नाही ती कशी आली. इतका आनंदाचा प्रसंग. मी तोंडावर हात धरला, पण अक्कानं बघितलं होतं. तिनं शांतपणे पेन्सिल काढली आणि समासात खूण केली. "आली न्हवं?" ती म्हणाली. "मला ठावं होतं. हितंच येणार. आनि हे फक्त सरकारी ॲपला. क्रीमवाले मोकळेच."

"म्हणजे परत?"

"परत म्हंजे? संपलंच कुठं हाय?"

परवाची गोष्ट. शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या नोंदणीचं नवं सरकारी ॲप आलं आहे. अक्का दुपारच्या गाडीनं दिल्लीला निघायची होती, त्या 'शक्य असेल तेथे'च्या पायी. तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली. मी नरसम्माला घेऊन माडीवर गेलो, कारण तिनं सांगून टाकलं होतं की अक्का समोर असल्याशिवाय ती कुठल्याच काचेला हात लावणार नाही.

फोनवर मजकूर आला, आणि त्याच्या शेजारी कानाचं एक छोटंसं चित्र. अक्कानं ते दाबलं. फोन बोलायला लागला, तेलुगूत. पेठेतल्या अशिलांमुळे अक्कालाही ती कळते. पण आवाज बारीक आणि खाली गिरणी जोरात. नरसम्मानं फोन कानाला लावला, मान हलवली. काही कळत नव्हतं.

अक्का उठली. जिन्याच्या तोंडाशी गेली आणि खाली ओरडली, "बसवराज! जरा बंद ठेव."

गिरणी थांबली. त्या माडीवर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. खाली डबे घेऊन उभी असलेली माणसं वर बघत होती. अक्कानं पुन्हा ते कानाचं चित्र दाबलं.

"ही बाई कुठली ओ?" नरसम्मा मधेच म्हणाली. "लई पुस्तकात बोलालीया."

"समजतंय का?"

"समजतंय की."

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग फोननं काहीतरी विचारलं आणि थांबला. अक्का म्हणाली, "सांग."

"नाव लिवून घेत्यात. काम लिवून घेत्यात. कार्ड देत्यात. आनि इचारत्यात, फोटू जाहिरातीला वापरू का." नरसम्मानं आमच्या दोघांकडे बघितलं. "न्हाय म्हनलं तर कार्ड मिळतंय का, तेबी सांगितलं. मिळतंय म्हने."

"मग?"

पडद्यावर दोन बटणं होती, पहिलं 'हो'चं, दुसरं 'नको'चं, आणि तेही फोननं तिला सांगितलं होतं. नरसम्मानं अंगठा पदराला पुसला आणि दुसऱ्या बटणावर टेकवला. "वद्दु," ती म्हणाली, चहाला म्हणते तशीच.

फोन पुन्हा बोलला, फक्त एक वाक्य. नरसम्मा ऐकत होती. तिनं विचारलं, "अक्का, आता काय म्हनली ती?"

"तुला समजलं की."

"तुमी सांगा."

"तू नको म्हणालीस," अक्का म्हणाली, "ते लिहून घेतलं म्हणाली."

नरसम्मानं फोन अक्कापुढे केला. "परत लावा की एकदा."

अक्कानं परत लावलं. ते वाक्य तिघांनी पुन्हा ऐकलं. मग अक्कानं सवयीनं कमरेचा रुमाल काढला, नरसम्माचा अंगठा हातात घेतला आणि पुसायला लागली. शाई नव्हती, तरी नीट पुसला. जुनं ते क्रीमवाल्यांचं 'हो' अजून कुठल्यातरी नोंदीत असेलच. अक्काची नजर दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे गेली.

मी बॅग घेऊन पुढे झालो. अक्का मागून, एक एक पायरी, भिंतीला हात लावत. गिरणीत पोचली तेव्हा तिच्या कोटाच्या दोन्ही खांद्यांवर पीठ होतं.

"अक्का, कोट झटक," मी म्हणालो. "दिल्लीला चाललीस."

"राहू दे," ती म्हणाली. "तिथं विचारत्यात की, कुठनं आलात म्हणून."

तिनं बसवराजला हात केला. पट्टा फिरला, गिरणी सुरू झाली, आणि ती डबेवाल्यांच्या रांगेतून वाट काढत उन्हात निघाली.